जपानविरुद्धच्या चिनी युद्धाचं श्रेय कुणाचं? कुओमिंतांग आणि कम्युनिस्ट यांच्याबद्दल लिहिताना हिशेब कसा मांडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. चीननं जपानशी जे दीर्घ युद्ध केलं, त्याचं श्रेय च्यांग कै-शेकच्या कुओमिंतांगला द्यायचं की माओच्या कम्युनिस्टांना? महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी लेख लिहायचा आहे. एका पुस्तकात ‘कम्युनिस्ट यानआनच्या (त्यांच्या मुख्य तळाच्या) गुहांत बसून राहिले, लढलं सरकारी सैन्य’ असं सापडतं, तर दुसऱ्यात ‘कुओमिंतांग मागे हटत गेला, जनतेला घेऊन लढले ते कम्युनिस्ट’. दोघांनाही न्याय मिळेल असं कसं लिहावं?

आधी सरळ उत्तर देतो. समोरासमोरच्या मोठ्या लढाया जवळजवळ सगळ्या राष्ट्रीय सरकारच्या, म्हणजे च्यांगच्या कुओमिंतांग सरकारच्या, सैन्यानं लढल्या आणि मेलेल्या सैनिकांत फार मोठा वाटा त्याच सैन्याचा आहे. व्यापलेल्या उत्तर चीनच्या खेड्यापाड्यांत जपान्यांना निवांत राज्य करू न देण्याचं काम, विशेषतः १९४० नंतर, मुख्यतः कम्युनिस्टांनी केलं. ही दोन कामं वेगळी होती. त्यामुळे एकाच तराजूत घालून ‘निम्मं तुमचं, निम्मं त्यांचं’ असं वाटप केलं तर ते दिसायला निःपक्षपाती दिसतं, पण चुकीचं ठरतं. प्रत्येक विधानाला वर्ष, ठिकाण, तुकडी आणि कामाचा प्रकार जोडला की बहुतेक वाद आपोआप मिटतात. जे उरतात ते खरे वाद असतात, आणि ते वाद म्हणूनच मांडावेत.

सुरुवात तारखेपासून करा, कारण तारीख बदलली की श्रेयही बदलतं. युद्ध ७ जुलै १९३७ ला, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावरच्या चकमकीनं सुरू झालं असं धरलं तर ते आठ वर्षांचं होतं. १८ सप्टेंबर १९३१ ला, ईशान्येकडच्या मांचुरियातल्या मुकदेनच्या घटनेनं सुरू झालं असं धरलं तर चौदा वर्षांचं. चीनच्या शिक्षण मंत्रालयानं २०१७ पासून पाठ्यपुस्तकांत ‘चौदा वर्षं’ हीच गणना धरायला सांगितलं. चौदा वर्षं धरली की मांचुरियातल्या कम्युनिस्ट नेतृत्वाखालच्या ईशान्य जपानविरोधी संयुक्त सेनेला आणि १९४० मध्ये मारल्या गेलेल्या तिच्या सेनानीला, यांग जिंगयूला, पहिल्या पानावर जागा मिळते. १९३१ मध्ये मांचुरिया प्रतिकाराविना सोडणारं सरकारी धोरणही ठळक होतं. पण त्याच चौदा वर्षांत मांचुरियातल्या मा झानशान या सेनापतीचा नोव्हेंबर १९३१ मधला प्रतिकार येतो, १९३२ चं शांघायमधलं १९ व्या मार्ग सेनेचं युद्ध येतं आणि १९३३ ची चिनी भिंतीवरची लढाई येते. ही माणसं कम्युनिस्ट नव्हती. शिवाय त्याच वर्षांत च्यांगचं मुख्य सैन्य कम्युनिस्टांचा पाठलाग करत होतं. हा पाठलाग थांबला तो डिसेंबर १९३६ मध्ये, शिआनला झांग श्युएलियांग आणि यांग हूचंग या त्याच्याच सेनापतींनी त्याला ताब्यात घेतल्यावर. कोणतीही गणना घ्या, पण ती कोणती घेतली आहे ते पहिल्याच परिच्छेदात सांगा आणि लेखभर तीच ठेवा. मधेच बदलली की आकडे जुळत नाहीत.

दुसरी चूक ‘कुओमिंतांगचं सैन्य’ असं सरसकट लिहिण्याची. असं एकसंध सैन्य नव्हतंच. च्यांगच्या थेट हुकमतीखालच्या मध्यवर्ती तुकड्या वेगळ्या, आणि ग्वांगशी, सिचुआन, युन्नान, शान्शी या प्रांतांच्या सरदारी फौजा वेगळ्या. त्याखेरीज फंग यूशियांगच्या जुन्या वायव्य सेनेतून आलेले लोक होते. यांतले कित्येक सात-आठ वर्षांपूर्वी च्यांगशी किंवा एकमेकांशी लढलेले होते. मार्च-एप्रिल १९३८ ची ताईअरच्वांगची लढाई घ्या, म्हणजे हे किती महत्त्वाचं आहे ते दिसतं. सेनापती ली झोंगरेन हा ग्वांगशी गटाचा, १९३६ पर्यंत च्यांगचा उघड विरोधक. उत्तरेला तंगशियान हे छोटं शहर सिचुआनच्या फौजेनं धरलं. त्यांची शस्त्रं निकृष्ट होती, तरी डिव्हिजन कमांडर वांग मिंगझांग १७ मार्चला मारला जाईपर्यंत ते लढले. त्यामुळे मिळालेल्या दिवसांत खुद्द ताईअरच्वांगची तटबंदी उभी राहिली. गावातली घराघरातली लढाई सुन ल्यानझोंगच्या वायव्य सेनेतल्या माणसांनी लढली. बाहेरून वेढा घालणारा तांग अनबो मात्र मध्यवर्ती सेनेचा.

पूर्वेला लिनयी इथं जपानच्या ५ व्या डिव्हिजनला अडवलं पांग बिंगशून आणि झांग झीझोंग यांनी. या दोघांत १९३० च्या यादवी युद्धापासूनचं वैर होतं, तरी झांग पांगच्या मदतीला धावला. लिनयी टिकलं म्हणून जपानच्या दोन डिव्हिजनच्या तुकड्या वेळेत एकत्र येऊ शकल्या नाहीत. आता या दोघांचं पुढे काय झालं ते पाहा. झांग झीझोंगला १९३७ मध्ये, जपान्यांशी वाटाघाटी केल्याबद्दल, वर्तमानपत्रांनी देशद्रोही ठरवलं होतं. तोच १६ मे १९४० ला हूबेईत लढताना मारला गेला. लष्करी गटाचा प्रमुख असून तो आघाडीवर पडला. पांग बिंगशून १९३३ च्या भिंतीवरच्या लढाईपासून जपान्यांशी लढत होता, पण १९४३ मध्ये ताईहांग डोंगरात पकडला गेल्यावर तो जपानच्या बाहुल्या सरकारला जाऊन मिळाला. ‘पांग बिंगशून देशद्रोही होता’ किंवा ‘लिनयीचा वीर होता’ यांपैकी एकच वाक्य लिहिलं तर अर्धीच माहिती दिली जाते. दोन्ही वाक्यं वर्षासकट लिहावीत. माणसाला एकदा श्रेय दिलं म्हणजे ते कायमचं त्याच्या नावावर चढत नाही, आणि कलंकाचंही तसंच.

बीजिंगमध्ये आजही झांग झीझोंग, तोंग लिनगे आणि झाओ दंगयू या तिघांच्या नावाचे रस्ते आहेत. तोंग आणि झाओ २८ जुलै १९३७ ला शहराच्या दक्षिणेला मारले गेले. तिघेही कुओमिंतांग सरकारच्या सैन्यातले. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात नावं पुसण्याचा प्रकार झाला, पण ती परत आली. ‘कम्युनिस्ट चीननं दुसऱ्या बाजूचे हुतात्मे कधीच मान्य केले नाहीत’ असं लिहिण्याआधी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आता एक प्रसंग बारकाईनं घेऊ, कारण श्रेयाचा गोंधळ कसा होतो आणि तो कसा सोडवायचा हे त्यात नीट दिसतं. शान्शीतली पिंगशिंग खिंडीची लढाई, २५ सप्टेंबर १९३७. चिनी पाठ्यपुस्तकात हा आठव्या मार्ग सेनेचा पहिला मोठा विजय आहे. तैवानमधल्या जुन्या लेखनात तो जेमतेम उल्लेखापुरता येतो.

पहिली पायरी, तुकडी. ऑगस्ट १९३७ मध्ये कम्युनिस्टांच्या लाल सेनेचं नाव बदलून ‘आठवी मार्ग सेना’ केलं गेलं आणि तिला राष्ट्रीय सेनेत घेतलं गेलं. तीन डिव्हिजन, ११५, १२० आणि १२९, मंजूर संख्याबळ सुमारे ४५,०००, सेनापती चू ते, उपसेनापती पेंग दहुआय. खिंडीजवळ लढली ती लिन ब्याओची ११५ वी डिव्हिजन. म्हणजे लढणारी माणसं कम्युनिस्ट आणि आदेश देणारे अधिकारीही कम्युनिस्ट. पण कागदोपत्री ही तुकडी शान्शीचा सरदार यान शिशान याच्या दुसऱ्या युद्धक्षेत्राचा भाग होती, आणि १९४०-४१ मध्ये पुरवठा थांबेपर्यंत तिला पैसे राष्ट्रीय सरकारकडून येत होते.

दुसरी पायरी, काम. डोंगरातल्या खोल, अरुंद रस्त्यावर दबा धरून ५ व्या डिव्हिजनच्या रसद आणि वाहतूक तुकड्यांवर हल्ला केला गेला. हल्ला यशस्वी झाला. पण ती जपानच्या मुख्य लढाऊ दळाशी झालेली समोरासमोरची झुंज नव्हती. त्याच दिवसांत खिंडीच्या मुख्य फळीवर यान शिशानच्या आणि इतर सरकारी तुकड्या लढत होत्या आणि त्यांची हानी मोठी होती. महिनाअखेर ती फळी सोडावी लागली.

तिसरी पायरी, आकडा. चिनी अधिकृत आकडा हजाराहून अधिक जपानी मारल्याचा आहे. जपानी तुकड्यांच्या नोंदींवरून काढलेले अंदाज त्यापेक्षा बरेच कमी, काही शेकड्यांचे आहेत. लेखात दोन्ही द्या आणि कोणता कुणाचा ते सांगा. सरासरी काढू नका. दोन वेगळ्या पद्धतींनी मोजलेल्या आकड्यांच्या सरासरीला काहीही अर्थ नसतो.

चौथी पायरी, आजूबाजूला काय चाललं होतं. खिंडीनंतर ऑक्टोबरमध्ये शिनकोऊची लढाई झाली. तिथं वेई लिहुआंगच्या हाताखाली सरकारी सैन्यानं तीन आठवडे फळी धरली, आणि ९ व्या कोअरचा कमांडर हाओ मंगलिंग आघाडीवर मारला गेला. तीच लढाई चालू असताना, १९ ऑक्टोबरच्या रात्री, कम्युनिस्टांच्या १२९ व्या डिव्हिजनच्या एका रेजिमेंटनं यांगमिंगबाओच्या विमानतळावर छापा घालून शिनकोऊवर बाँब टाकणारी विमानं जमिनीवरच नष्ट केली. चिनी दावा २४ विमानांचा आहे. म्हणजे एका बाजूनं पाय रोवून फळी धरली आणि दुसऱ्या बाजूनं शत्रूची पिछाडी कापली. १९३७ च्या शरद ऋतूतलं शान्शी हे या युद्धातलं खऱ्या सहकार्याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहे. विद्यार्थ्यांना एकच प्रसंग शिकवायचा असेल तर हाच शिकवा असं मी आग्रहानं म्हणेन.

या चार पायऱ्यांनंतर वाक्य असं होतं: ‘२५ सप्टेंबर १९३७ ला आठव्या मार्ग सेनेच्या ११५ व्या डिव्हिजननं पिंगशिंग खिंडीजवळ जपानी रसद तुकड्यांवर यशस्वी छापा घातला, खिंडीची मुख्य फळी लढवणारं सरकारी सैन्य मात्र महिनाअखेर मागे हटलं.’ लांबी फारशी वाढलेली नाही, आणि दोन्ही बाजूंच्या वाचकाला त्यात खोडून काढण्यासारखं काही सापडणार नाही.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लेख फसतात ते इथंच. राष्ट्रीय सरकारच्या हिशेबानं त्याच्या सैन्याची हानी ३२ लाखांच्या आसपास होती. त्यात मृत सुमारे १३ लाख, बाकीचे जखमी आणि बेपत्ता. कम्युनिस्टांच्या सैन्याचे मृत त्यांच्याच हिशेबानं सुमारे १ लाख ६० हजार, आणि जखमी, बेपत्ता, पकडलेले धरून एकूण हानी साधारण ५ लाख ८० हजार. हे दोन्ही आकडे आपापल्या पक्षाचे आहेत, तरी त्यांच्यातलं प्रमाण विश्वासार्ह वाटतं, कारण आपली हानी कमी दाखवण्याची गरज दोघांनाही होती. शत्रूच्या हानीचे दावे मात्र जपून वापरा. कम्युनिस्टांचा एकूण दावा १७ लाखांहून अधिक शत्रू ‘संपवल्याचा’ आहे, त्यात ५ लाखांवर जपानी. या संख्येत मेलेले, जखमी, पकडलेले आणि शरण आलेले सगळे एकत्र मोजले आहेत, आणि मोठा भाग बाहुल्या सरकारच्या चिनी शिपायांचा आहे. हा आकडा ‘ठार’ म्हणून लिहिला की चूक झालीच. उलट बाजूला, ताईअरच्वांगला वीस हजारांवर जपानी मारल्याचं तेव्हा जाहीर झालं होतं. जपानी नोंदींप्रमाणे ५ व्या आणि १० व्या डिव्हिजनची फेब्रुवारीअखेर ते मे १९३८ पर्यंतच्या संपूर्ण मोहिमेतली हानी २,३६९ मृत आणि ९,६१५ जखमी अशी आहे. एका शहरातल्या लढाईपुरतं बोलायचं तर आकडा आणखी खाली येतो. फुगवण्यात दोन्ही पक्ष कमी नव्हते. जपानी युद्धनोंदी आपली हानी कमी आणि चिनी हानी जास्त दाखवतात, हेही ध्यानात ठेवा. मात्र चीनमधल्या कोणत्या गटाला मोठं करायचं याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, म्हणून श्रेयाच्या प्रश्नात त्यांचा उपयोग सर्वांत जास्त होतो.

अशीच एक जपानी नोंद कम्युनिस्टांच्या बाजूनं बोलते, आणि ‘कम्युनिस्ट लढलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी ती वाचायला हवी. जपानच्या उत्तर चीन सेनेनं १९४३ चा जो वार्षिक आढावा घेतला, त्यात त्या वर्षी सुमारे १५,००० चकमकी झाल्याचं आणि त्यांतल्या ७५ टक्के कम्युनिस्टांशी झाल्याचं लिहिलं आहे. पकडलेले कैदी सुमारे ७४,०००, त्यांत कम्युनिस्ट जेमतेम ३५ टक्के. हा दुसरा आकडा पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. चकमकी जास्त पण कैदी कमी, याचा अर्थ कम्युनिस्ट तुकड्या लहान होत्या, वारंवार टोचत होत्या आणि हाती लागत नव्हत्या. सरकारी तुकड्या मोठ्या संख्येनं एकदम शरण जात होत्या, काही तर बाहुल्या सरकारकडे वळत होत्या. पण हे उत्तर चीनचं आणि १९४३ चं चित्र आहे. हाच आकडा उचलून ‘संपूर्ण युद्धातला ७५ टक्के प्रतिकार कम्युनिस्टांचा’ असं लिहिलेलं आढळतं. तसं लिहिता येत नाही. १९३७-३८ मध्ये शांघाय, शूजोऊ, वूहान इथं जे लाखोंनी लढले त्यांच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. यांगत्सेच्या खोऱ्यातल्या चांग्शाशीही नाही. तिथं शुए युएच्या सैन्यानं १९३९, १९४१ आणि १९४१-४२ अशा तीन मोहिमांत शहर राखलं. माओनं एप्रिल १९४५ मध्ये मांडलेला दावा, की चीनमधल्या ५६ टक्के जपानी आणि ९५ टक्के बाहुल्या सैन्याला आपण गुंतवून ठेवलं आहे, हाही त्या क्षणाचा, मांचुरिया वगळून केलेला आणि पक्षाच्या महाधिवेशनात मांडलेला आहे. उद्धृत करायचा तर या तीन अटींसकट करा.

कम्युनिस्टांचं सर्वांत मोठं खुलं आक्रमण म्हणजे ऑगस्ट १९४० मध्ये सुरू झालेली शंभर रेजिमेंटांची मोहीम. पेंग दहुआयच्या हाताखाली झेंगताई रेल्वेमार्ग आणि त्याच्या आसपासची ठाणी एकाच वेळी फोडली गेली. त्यांच्या हिशेबानं १,८२४ चकमकी झाल्या आणि ४७४ किलोमीटर रेल्वेमार्ग उखडला गेला. जिंगशिंगच्या कोळसा खाणीचं नुकसान इतकं मोठं होतं की जपानी कागदपत्रांतही त्याची दखल आहे. इथं रूळ, पूल आणि खाण हे पुरावे माणसं मोजण्यापेक्षा भक्कम आहेत. याचा परिणामही सांगावा लागतो. जपान्यांनी पुढच्या दोन वर्षांत ‘जाळा, मारा, लुटा’ पद्धतीच्या मोहिमा काढल्या. कम्युनिस्टांच्याच हिशेबानं त्यांच्या तळभागांची, म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या प्रदेशांची, लोकसंख्या ४ कोटी ४० लाखांवरून २ कोटी ५० लाखांवर आली. मे १९४२ मध्ये उपप्रमुख सेनाधिकारी झुओ च्युआन ताईहांगमध्ये मारला गेला. आणि ज्या पेंगनं ही मोहीम केली, त्याच्यावर पुढे याच मोहिमेसाठी ‘आपली ताकद वेळेआधी उघडी पाडली’ असा आरोप ठेवला गेला. म्हणजे एकाच घटनेचं श्रेय पक्षानं कधी मिरवलं, कधी दोष म्हणून वापरलं. ज्या पुस्तकातून उतारा घेता त्याचं प्रकाशनवर्ष पाहण्याचं कारण हेच. १९६० च्या दशकातलं पुस्तक आणि १९९० नंतरचं पुस्तक या मोहिमेबद्दल वेगळं बोलतील.

आपसातली मारामारी लपवू नये. कम्युनिस्टांनी ऑक्टोबर १९४० मध्ये उत्तर जिआंगसूतल्या ह्वांगच्याओ इथं हान देचिनच्या सरकारी फौजेला मोठा पराभव दिला. जानेवारी १९४१ मध्ये दक्षिण आन्हुईत सरकारी सैन्यानं कम्युनिस्टांच्या नव्या चौथ्या सेनेच्या सुमारे ९,००० जणांच्या मुख्यालयाला घेरलं. बहुतेक मारले किंवा पकडले गेले आणि सेनापती ये तिंग कैदेत गेला. फक्त दुसरी घटना दिली तर कुओमिंतांग घातकी ठरतो, फक्त पहिली दिली तर कम्युनिस्ट. दोन्ही घटना तीन महिन्यांच्या अंतरात, एकमेकींशी जोडलेल्या आहेत; एकाच परिच्छेदात लागोपाठ द्या. त्यानंतर दोन पक्षांची जपानविरोधी संयुक्त आघाडी नावापुरती उरली. म्हणून ‘१९३७ ते १९४५ दोघं मिळून लढले’ हे वाक्यही बरोबर नाही. मिळून लढले ते १९३७-३८ मध्ये, पुढे शत्रू एक आणि लढाया वेगवेगळ्या.

राष्ट्रीय सरकारचं अपयशही त्याच स्पष्टपणे लिहावं. जून १९३८ मध्ये जपानी थांबावेत म्हणून पिवळ्या नदीचा बांध ह्वायुआनकोऊला फोडला गेला, त्यात लाखो शेतकरी बुडाले, उपाशी मेले, परागंदा झाले. सक्तीच्या भरतीत पकडलेले तरुण छावणीपर्यंत पोचण्याआधीच भुकेनं आणि रोगानं मरत. १९४२-४३ च्या हनानमधल्या दुष्काळातही सैन्यासाठी धान्यवसुली चालू राहिली. १९४४ च्या एप्रिलमध्ये जपाननं सुमारे ५ लाख सैन्यानिशी इचिगो मोहीम काढली, तेव्हा तांग अनबोची फळी हनानमध्ये कोसळली आणि पळणाऱ्या सैनिकांची शस्त्रं शेतकऱ्यांनीच हिसकावली. पण याच मोहिमेत हंगयांग शहर फांग शियानज्युएच्या १० व्या कोअरनं ४७ दिवस लढवलं. आणि त्याच १९४४ मध्ये सरकारी सैन्याच्या चांगल्या तुकड्या तिथं नव्हत्याच. त्या साल्वीन नदीपलीकडे सोंगशान आणि तंगचोंग परत घेत होत्या आणि उत्तर ब्रह्मदेशात उतरल्या होत्या. हनानचा पराभव आणि ब्रह्मदेशातला विजय एकाच नकाशावर ठेवले तरच त्या वर्षाचा अर्थ लागतो.

ब्रह्मदेशाच्या आघाडीचा धागा भारतातून जातो. १९४२ च्या माघारीत सुन लीरेनची ३८ वी डिव्हिजन इंफाळकडे उतरली. तिचं आणि २२ व्या डिव्हिजनचं नवं प्रशिक्षण तेव्हाच्या बिहारमधल्या, आजच्या झारखंडमधल्या रामगढला झालं. तिथं अमेरिकी शस्त्रं, भारतीय रसद आणि चिनी शिपाई एकत्र आले. चिनी सैनिकांची दफनभूमी तिथं आजही आहे. ही सगळी राष्ट्रीय सरकारची माणसं. १९४९ नंतर मुख्य भूमीवर राहिलेल्यांना अनेक वर्षं या सेवेबद्दल मान मिळाला नाही, उलट त्रास झाला. २०१३ नंतर त्यांना सरकारी मदतीत घेण्याची पावलं पडली आणि २०१५ मध्ये काहींना पदकं मिळाली.

हा बदल कसा होत गेला ते थोडक्यात सांगावं. चीनमध्ये १९८० च्या दशकापासून समोरासमोरच्या आघाडीवर अभ्यास होऊ लागला. झांग झीझोंगला १९८२ मध्ये क्रांतिकारी हुतात्म्याचा दर्जा मिळाला. २००५ मध्ये हू जिंताओनं दोन्ही पक्षांच्या सैन्यांनी अनुक्रमे समोरची आणि शत्रूच्या पिछाडीची आघाडी सांभाळल्याचं जाहीर भाषणात मान्य केलं. प्रतिकाराचा ‘मुख्य आधारस्तंभ’ कम्युनिस्ट पक्षच, हे सूत्र मात्र कायम राहिलं. तैवानमध्ये २०१५ ला तेव्हाचे अध्यक्ष मा यिंग-च्यू यांनी युद्धाचं नेतृत्व चीन प्रजासत्ताकाच्या, म्हणजे च्यांगच्या, सरकारनं केलं हे ठासून सांगितलं. पण तैवानचीही आठवण एकसारखी नाही: १८९५ पासून ते बेट जपानी वसाहत होतं आणि दोन लाखांवर तैवानी जपानी सैन्यात किंवा त्याच्या सेवेत होते. त्यांच्या घरांत या युद्धाची आठवण तिसरीच आहे. म्हणून लेखात ‘चिनी मत’ आणि ‘तैवानी मत’ असे दोन खण पाडू नका. कोणतं सरकार, कोणत्या साली, हे लिहा.

लेखाच्या बांधणीबद्दल एक सूचना. प्रत्येक पक्षाला सारखे शब्द देऊ नका. १९३७-३८ वर लिहिताना चार भागांतले तीन भाग सरकारी सैन्याला जाणं योग्य आहे. १९४१-४३ च्या उत्तर चीनवर लिहिताना उलट. आणि दोन्ही कामं एकमेकांवर अवलंबून होती हे एकदा स्पष्ट सांगा: यांगत्सेवर मोठं सैन्य अडकलं होतं म्हणून जपानला हबेई-शान्शीच्या प्रत्येक गावात ठाणं ठेवता आलं नाही, आणि उत्तरेत रेल्वे, खाणी, ठाणी राखायला डिव्हिजन खर्ची पडत होत्या म्हणून दक्षिणेकडच्या आक्रमणाला सैन्य कमी पडलं. १९४५ पर्यंत कम्युनिस्ट सैन्य त्यांच्या हिशेबानं ९ लाखांवर पोचलं होतं. ही वाढ प्रतिकारातूनच झाली आणि पुढच्या यादवीत उपयोगी पडली, पण ‘वाढले म्हणजे लढले नाहीत’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्या खेड्यात रोज रात्री तार तोडली जाते आणि सुरुंग पेरले जातात, तिथंच तरुण भरती होतात.

मराठी लेखात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव येणारच, आणि श्रेयाची नेहमीची चूक तिथंही होते. सोलापूरचे कोटणीस, नागपूरचे डॉ. चोळकर आणि अटल, बसू, मुखर्जी असं पाच डॉक्टरांचं पथक काँग्रेसनं सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाठवलं. चू तेनं नेहरूंना मदतीचं पत्र लिहिलं होतं, हे खरं. पण पथक उतरलं ते कँटनला, राष्ट्रीय सरकारच्या भागात. पहिले काही महिने त्यांनी हांकोऊ, यिचांग आणि चुंगकिंग इथं चिनी रेडक्रॉसच्या व्यवस्थेत काम केलं, आणि त्यांच्या टेबलावर आलेले जखमी वूहानच्या लढाईतले सरकारी शिपाई होते. यानआनला ते फेब्रुवारी १९३९ मध्ये पोचले. पुढे कोटणीस आठव्या मार्ग सेनेच्या तळभागात गेले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, १९४२ मध्ये पक्षाचे सदस्य झाले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले. छायाचित्राखाली ‘कम्युनिस्टांच्या मदतीला गेलेले डॉक्टर’ एवढंच लिहिलं तर यिचांगचे जखमी पुसले जातात. ‘चीनच्या मदतीला गेलेले’ एवढंच लिहिलं तर त्यांनी स्वतः निवडलेली बाजू पुसली जाते. तिथं हे लिहावं: ‘१९३८ च्या अखेरीस राष्ट्रीय सरकारच्या भागातल्या आणि फेब्रुवारी १९३९ पासून मृत्यूपर्यंत कम्युनिस्ट भागातल्या जखमींवर उपचार करणाऱ्या भारतीय वैद्यकीय पथकाचे सदस्य.’ चोळकरांचं नावही त्याच ओळीत द्यावं. ते लवकर परतले म्हणून मराठी लेखांतून बहुतेक वेळा गळतं.